खाचेवर मोडलेली टिप

कोल्हारला वडिलांचं लेथचं वर्कशॉप आहे. पोलाद कापणाऱ्या हत्याराच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडची टिप बसवतात. ती तापली की तिचा रंग पालटतो, हे मी लहानपणापासून पाहत आले. पीएचडीला विषयही तोच घेतला: कार्बाइडच्या पृष्ठभागावर ऑक्साइड कसं चढतं.

नगरला कॉलेजात शिकवायचं, टिपा भट्टीत तापवायच्या आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत न्यायच्या. तिथल्या यंत्रात टिपेवर क्ष-किरण सोडले की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्यांच्या ऊर्जेवरून अगदी वरच्या थरात काय आहे ते कळतं.

दुसऱ्याच फेरीला घोळ झाला. न तापवलेल्या टिपेवरही ऑक्साइड दिसलं. यंत्र सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, नमुना नीट साफ केलेला नाही. गाईडनी तर सगळं काम पहिल्यापासून करायला सांगितलं. पण टिपा मी स्वतः धुतल्या होत्या. माझं म्हणणं होतं की नुसत्या हवेनंच हा थर चढतो. ते दाखवायचं तर टिप यंत्राच्या आत, निर्वातातच मोडायला हवी होती. यंत्रात तशी सोय होती, पण कार्बाइड हवं तिथं मोडत नाही.

रविवारी घरी गेले आणि वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी टिप बोटांत फिरवून पाहिली.

"खाच पाडून देतो. पन बेतानं पाडाय पायजे, न्हाईतर हितंच मोडंल."

डायमंडच्या चाकावर खाच पाडताना तीन टिपा फुटल्या. चौथी टिकली.

पुण्याला बाईंनी आतला दांडा दाबला आणि टिप बरोबर खाचेवर मोडली. पडद्यावरच्या आलेखात कार्बाइडची दोन शिखरं उभी राहिली. ऑक्साइडच्या जागी जवळजवळ सपाट रेघ. मोडलेला तुकडा दुसऱ्या दिवसापर्यंत हवेत ठेवून पुन्हा आत घातला. आता त्या रेघेवर उंचवटा आला होता.

बाईंनी दोन्ही दिवसांचे आलेख पडद्यावर शेजारी शेजारी लावले. मग म्हणाल्या, "तुमचंच बरोबर होतं."

गाईडनी हा प्रयोग प्रबंधात सगळ्यात आधी घ्यायला लावला. तोंडी परीक्षेला वडील इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. इतकी बारीक खाच कुठून करून घेतली, असं परीक्षकांनी विचारलं. मी वडिलांकडे हात केला. ते उठून उभे राहिले, आणि पुढची दहा मिनिटं परीक्षक माझ्याऐवजी त्यांनाच प्रश्न विचारत होते.