टँकरचा हॉर्न

शिरूर कासारला दूध सोसायटीचा भोंगा दुरुस्त करणारे एक मिस्त्री आमच्याच गल्लीत राहायचे. जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या वॉल्व्हचं कुठलंही यंत्र चालू केलं, की आतली तार लाल होईपर्यंत ते अवाक्षर बोलत नसत. गिऱ्हाईकानं घाई केली तर एवढंच, "दम धरा, अजून तापलं न्हाई."

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मला घरी गिटारच्या सरावासाठी वॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. ते दोन जुने घेऊन आले, एक मोठा, एक बारका. "घरात वाजवायला बारका बास हाय," म्हणाले. मी मोठ्यावरच अडून बसलो.

"वाजवा मग, गुरुजी," म्हणत ते बाहेर गेले.

मी डोळे मिटून मनसोक्त वाजवलं. थांबलो तेव्हा ते ओल्या सदऱ्यानं दारात उभे होते, हातांत आमच्या दोन भरलेल्या घागरी.

"टँकर येऊन गेला. हॉर्न ऐकू आला का तुमाला?"

"नाही."

त्यांनी मोठा उचलला आणि बारका ठेवून गेले. त्यापुढे आमचं पाणी कधी चुकलं नाही. त्या दिवशी त्यांच्या घरच्या घागरी कोणी भरल्या, हे विचारायचं मात्र माझ्याकडून राहूनच गेलं.