पंख्याचा सूर

टेबलावरच्या कागदावर मी घरासाठी एका नव्या कॉम्प्युटरचा आराखडा काढला आहे. गाणी आणि सिनेमे त्याच्यावरून लावायचे. आत पंखा नाही, फिरणारी डिस्क नाही. उष्णता नुसती जाड ॲल्युमिनियमच्या पेटीतून निघून जाईल. तो चालू आहे हे फक्त दिव्यावरून कळेल.

ही मागणी बाबांची. सकाळी ते हॉलमध्ये रियाजाला बसत आणि माझ्या जुन्या कॉम्प्युटरचा पंखा त्यांच्या तानपुऱ्याच्या सुराच्या किंचित खाली घुमत राही. "अरे, हा बेसूर आहे," ते म्हणत. "बदलू, बाबा," मी दर वेळी म्हणे. शेवटी एका सकाळी त्यांनी मुकाट्याने तारा थोड्या उतरवल्या, तानपुरा पंख्याच्या सुरात लावला आणि पुढे त्याच सुरात गात राहिले.

ते गेले, तेव्हा मला रडू आलं नाही. मी सुट्या भागांची यादी करत बसलो. घरात आता शांतता मागणारं कोणी नाही, तरी यादीत पहिली ओळ तीच आहे: आवाज नको.

काल दुकानात स्पीकर निवडताना मी त्या जुन्या कॉम्प्युटरवर केलेलं बाबांचं रेकॉर्डिंग लावलं. दुकानदाराने कान दिला.

"मागे पंख्याची घरघर आहे, काका. नव्या मशीनवर जास्तच कळेल. काढून देऊ?"

"नको," मी म्हटलं. "बाबा त्याच्यावरच गातायत."