परीक्षा होऊ द्या
तंबाखूची मिशरी भाजल्याचा वास आला, की भूकंपानंतरचं आमचं पत्र्याचं शेड आठवतं. तपासणी शिबिरात डॉक्टरीणबाईंनी आईच्या गालाच्या आत बॅटरी मारली आणि म्हणाल्या, "हा पांढरा चट्टा आत्ताच कापून काढू, नाहीतर पुढं कॅन्सर होईल." आई म्हणाली, "घर अंगावर पडून मेले न्हाई, ह्यानं काय मरते? पोराची लातूरला शिकवणी हाय. त्याची परीक्षा होऊ द्या, मंग बघू." शेडात आल्यावर तिनं, झोंबतंय म्हणून, तव्यावरची मिशरी औषधासारखी त्याच चट्ट्यावर दाबली. निकालाच्या दिवशी मी पेढा भरवायला गेलो, तर तिचं तोंड बोटभरही उघडेना. आता मी दातांचा डॉक्टर आहे. आज पदराला तोच वास असलेल्या एका बाईला तिच्या तोंडातला चट्टा आरशात दाखवला. ती म्हणाली, "पोरीची परीक्षा होऊ द्या, मंग बघू."