चाकांवरच्या घरातली झोप

सर्व संबंधितांस जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी घेतली म्हणजे पाहुण्यांच्या तावडीतून सुटका होते, हा समज साफ खोटा आहे.

आम्ही सांगलीहून साताऱ्याला निघालो. बायकोची एकच इच्छा होती: एक दुपार त्या गाडीत निवांत झोपायचं. पण वाटेत नातेवाइकांची घरं, आणि दारावरून न थांबता जाणं म्हणजे जन्माचा रुसवा. मलकापूरला मामीकडे तिसरं जेवण झालं. दमलेली बायको डोळे मिटतच गाडीत चढली. बिछान्यावर मामी पसरलेली, पायथ्याशी शेजारणी.

मामी डोळे न उघडता म्हणाली, “पोरी, उभी का? जा, घरात जाऊन पड. हितं लय गार वारं हाय.”