चुकीच्या नळीची पिल्लं

मिस्त्रीने नळी भलत्याच टाकीला जोडली. मत्स्यालयातली पाणी थंड करायची यंत्रं त्याच्याकडे. गार पाणी जायचं होतं खेकड्यांसाठी रिकाम्या ठेवलेल्या टाकीत. ते महिनाभर तिथेच कामाला असलेल्या बायकोच्या जेलिफिशांकडे वाहत राहिलं. बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली, त्यामुळे बोंब मारायलाही कुणी नव्हतं.

जेलिफिश म्हणजे नुसते काचेला चिकटलेले दोऱ्यांचे बारके झुबके. यांचं बालपण असंच, एका जागी बूड टेकून. लहर फिरली की सुटायचं. दोन वर्षं ती फिरलीच नव्हती. साहेबांनी बजावलं होतं, शाळांच्या सुट्टीच्या आत काही पोहताना दिसलं नाही तर जेलिफिशांसाठी राखलेल्या गोल टाकीत कारंजं, आणि बाई तिकीटखिडकीवर.

बायकोने आल्या आल्या पाण्यात हात घातला.

"अहो, बर्फ केलात! मारलीत माझी लेकरं!"

मिस्त्री पान्याकडे असा बघत राहिला, जणू पान्यानेच चूक केली.

तेवढ्यात तिचं नाक काचेला चिकटलं. प्रत्येक झुबक्याची बशांची उतरंड झाली होती, आणि वरची बशी वळवळत होती. फट्! सुटली. नखाएवढं फूल, आकसत-फुलत निघालंसुद्धा. मागून दुसरं, तिसरं, मग मोजणार कोण!

"थंडीने सुटतात होय गं?"

"पुस्तकात होतं हो! पण मीच मेली माया करून ऊब देत बसले!"

आता धांदल. कोपऱ्यात अडकली की ही पिल्लं फाटतात, आणि गोल टाकीची पाणी खेचणारी जाळी एवढुशांना ओढून घेईल. गोल भांडी हवीत! मिस्त्री कँटीनमधून पातेली उचलून पळाला. समुद्राचं पाणी भरलं, पिल्लं सोडली, आणि पोट सावरत तो पातेल्या-पातेल्याभोवती नाचत डावाने हळूहळू पाणी फिरवू लागला.

साहेब दारात. "काय चाललंय?"

"डोकं नाही, काळीज नाही, हाडं नाहीत, तरी झकास चाललंय, साहेब!"

"कुणाबद्दल बोलताय?"

"जेलिफिशांबद्दल हो!" बायकोने घाईने सावरलं.

साहेब वाकले. चष्मा पाण्यात पडता पडता वाचला. "कारंजं रद्द," ते पुटपुटले आणि पुन्हा वाकले.

बायकोने नवऱ्याच्या पाठीत आनंदाने असा धपका घातला की डाव उडाला.

संध्याकाळी आचारी कमरेवर हात ठेवून उभा. "माझी पातेली?"

"भाऊ, जरा मोठी होऊ दे की लेकरं!"

"आणि मी रांधू कशात? टोपीत?"

अजून तो रोज विचारतो. पातेली काही कँटीनमध्ये परत गेलेली नाहीत.