खिचडीपाशी थांबायचं

माझ्या पुस्तकातलं एक प्रकरण वाचायला शहरातल्याच एका कॉलेजनं बोलावलं तेव्हा मला आनंद झाला होता. हे आधीच सांगते, कारण पुढं सगळा संतापच आहे.

प्रकरण आईवर आहे. लासूर स्टेशनजवळच्या आमच्या गावात तिला शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं, तेव्हा मी त्याच शाळेत चौथीत होते. आम्ही बौद्ध. तिच्या हातचं खायचं नाही म्हणून गावातल्या आया पोरांना घरून डबे द्यायला लागल्या. मग एके दिवशी दुपारी चार माणसं आली आणि शिजलेलं पातेलं शाळेमागच्या उकिरड्यावर पालथं करून गेली. गुरुजी बघत उभे. वर तेच आईला म्हणाले, उद्यापासून येऊ नका. त्याच संध्याकाळी वडिलांनी तिला मारलं. तुझ्यापायी गावात मान खाली गेली, म्हणून मारलं. गावावरचा राग काढायला त्यांना घरात एक माणूस बरं सापडलं. प्रकरण एवढंच, एक दुपार आणि एक संध्याकाळ.

कार्यक्रमाआधी दोन फोन आले. पहिला कॉलेजातल्या मराठीच्या विभागप्रमुखांचा. फार गोड बोलणारा माणूस. "मॅडम, तो मारहाणीचा भाग अतिशय प्रभावी आहे. तेवढाच वाचा. पातेल्याचं राहू द्या. आता गावोगाव सलोखा आहे, समोर सगळ्या समाजांची मुलं असतात." सलोखा म्हणे! याच सद्गृहस्थांच्या घरी मी एकदा गेले होते. सगळ्यांना कपबशीत चहा आला आणि मला कागदी कपात. त्यांच्या सलोख्याला कागदी कप लागतात.

दुसरा फोन कार्यक्रमाच्या अध्यक्षांचा. हे आमच्यातलेच, चळवळीतले ज्येष्ठ. पातेल्याच्या प्रकरणात आईच्या नावानं तक्रार त्यांनीच करवली होती, तालुक्याला मोर्चाही त्यांनीच नेला होता. पुढारी म्हणून त्यांचं नाव झालं ते तिथूनच. मला शहरात वसतिगृह मिळालं तेही त्यांच्याच शब्दावर, आणि हे ते मला विसरू देत नाहीत. म्हणाले, "पोरी, खिचडीपाशी थांब. पुढचं वाचू नको. तुझा बाप आता नाही. मेलेल्या माणसाची अन् समाजाची बदनामी कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

ती मूठ कुणाच्या तोंडावर बसली होती, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एकाला आईची दुपार नको, दुसऱ्याला संध्याकाळ. अख्खी बाई कुणालाच नको होती. मी दोघांनाही "बघते" म्हटलं आणि आईला फोन लावला. तुझा मार चारचौघांत वाचू का, असं सरळ विचारलं. ती म्हणाली, "वाच की. खाल्ला मी, अन् वाचायला तू घाबरती व्हय?"

मग सगळं वाचायचं ठरलं.

हॉल भरला होता. आई गावाहून येऊन पहिल्या रांगेत बसली होती. आधी तिचा सत्कार झाला, शाल आणि नारळ. अध्यक्षांनी तिला 'त्यागमूर्ती' म्हटलं. बाई बोलली नाही की ती त्यागमूर्ती होते, हा आपल्याकडचा जुना सौदा आहे. मी वाचायला उभी राहिले. पातेलं पालथं झालं तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी रडत होतं. मी पान उलटलं, आणि अध्यक्षांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मोठ्यानं, हात उंच करून. त्यांच्यामागोमाग सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. सूत्रसंचालन करणारी मुलगी गोंधळून पुढं आली, माझ्यासमोरचा माईक तिनं घेतला आणि माझे आभारही मानून टाकले. मी हातात पुस्तक घेऊन तशीच उभी.

तेवढ्यात आई उठली. तिला माईक लागला नाही.

"थांबा. संपलं नाय अजून. संध्याकाळ ऱ्हायली."

"वहिनी, बसा," अध्यक्ष हसून म्हणाले. "वेळ झालीय."

"बसते की. पर आधी सांगते. माझ्या पोरीला हे ठावं नाय. तिला दुधाला धाडलं होतं, येणाऱ्या पाव्हण्याच्या चहासाठी. पाव्हणे तुम्ही होता, दादा. ओट्यावर बसून तक्रारीचा अर्ज लिहीत होता. आत हे मला मारत होते. दार सताड उघडं. मी तुम्हाला हाक मारली, दादा वाचवा म्हणून. तुम्ही ह्यांना काय म्हणाला? नवरा-बायकोचं मागून बघा, आधी वहिनीचा अंगठा द्या. म्या फुटल्या तोंडानं तुम्हाला चहा दिला. अंगठाबी दिला."

ती खाली बसली. मी दूध घेऊन परतले तेव्हा ओट्यावर अध्यक्ष बसलेले होते, हे मला आठवत होतं. पण मार त्यांच्या येण्याआधीच झाला असेल, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. घरात असा माणूस बसलेला असताना कोण मारेल, असं मला वाटायचं.

मी त्या मुलीच्या हातातून माईक घेतला आणि राहिलेलं प्रकरण शेवटपर्यंत वाचलं. या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. आई नारळ मांडीवर धरून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. आवाज मऊ होता. "वहिनींचं वय झालंय, पोरी. मागचं-पुढचं होतं त्यांच्या ध्यानात. ते ओट्यावरचं तेवढं कुठं लिहू नको."

मी म्हटलं, "लिहून झालं."