एका 'एल'ची चूक

स्वतःच्या फजितीचा किस्सा स्वतःच सांगावा. दुसऱ्याने सांगितला तर फजिती होते ती होतेच, वर व्याकरणही बिघडते. तेव्हा ऐका, आणि हसायचे असेल तर चहाचा घोट गिळून मग हसा.

अमेरिकेत वेस्ट विंडसरला माझ्या मुलाकडे, शिरीषकडे, येऊन मला सात महिने झाले होते. आमच्या ह्यांना जाऊन नऊ. सामानात मी ह्यांचे एकच पुस्तक आणले होते. राणी व्हिक्टोरियाच्या काळी कोणी एक मडम ग्रीसची बेटे हिंडली, तिचे प्रवासवर्णन. रोज रात्री हे मोठ्याने वाचत आणि मी उच्चार सुधारीत असे. "तुला अक्षर दिसते, अर्थ दिसत नाही," असे हे चिडून म्हणत. पेन्शन सुरू झाली की त्याच वाटेने जायचे ठरले होते. लाल पेन्सिलीने नकाशाही आखला होता. अमोर्गोस बेटापाशी एसटीच्या तिकिटाची खूण घातली, आणि पुढचे पान काही उलटले गेले नाही. उरलेली बेटे मी पाहून येईन, असे मी ह्यांना शेवटच्या दिवसांत वचन दिले होते.

आणि एके दिवशी शिरीषने ग्रंथालयातून एक पत्रक आणले. व्हिक्टोरियन मडमेच्या मागोमाग ग्रीक बेटांवर! रविवारी दुपारी दोन वाजता ग्रंथालयाच्या हॉलमध्ये जमावे. सर्वांना मुक्त प्रवेश. आयोजक : 'आर्मचेअर ट्रॅव्हलर्स'.

आता तुम्ही म्हणाल, फुकट कोण ग्रीसला नेतो? अहो, ज्या देशात ग्रंथालय एका वेळी वीस पुस्तके घरी देते, तिथे काय अशक्य आहे? आर्मचेअरचेही नवल वाटले नाही. ती मडमसुद्धा बोटीवर वेताच्या आरामखुर्चीतच बसे. वृद्धांची सोय केलेली दिसते, असे मी मनात म्हटले.

'ट्रॅव्हलर्स'मध्ये मात्र एकच 'एल' होता. जुनी मॅट्रिक मी, मला राहवेना. ह्यांच्या लाल पेन्सिलीने दुसरा 'एल' घातला, समासात 'कृपया काळजी घ्यावी' असे इंग्रजीत लिहिले आणि पत्रक टपालाने परत पाठवले. सही केली नाही. उपकाराला सही कशाला?

शिरीष कामासाठी शिकागोला होता. फोनवर त्याला सांगितले, "रविवारी मी ग्रीसला जाते."

"जा ना आई! तुझ्यासाठीच तर आणलं ते. स्वेटर घे, थंडी असते तिथे."

बेटांवरच्या थंडीचीसुद्धा त्याला माहिती! मला फार कौतुक वाटले.

रविवारी सूनबाई हॉस्पिटलात ड्यूटीवर, म्हणून शेजारच्या कुसुमने मला गाडीतून सोडले. दशम्या, पासपोर्ट, ते पुस्तक आणि माझी निळी बॅग.

"काकू, यू आर सो लकी! मला यार वीकेंडसुद्धा फ्री मिळत नाही. येताना ऑलिव्ह आणा हं!"

हॉलमध्ये वीसेक म्हातारी माणसे बसलेली. एकाजवळही सामान नाही! काय हा निष्काळजीपणा! शेजारच्या गृहस्थांना मी इंग्रजीत विचारले, "विमानतळावर कधी निघायचे?"

ते पोट धरून हसले. "बाई, ही खुर्ची हेच आपलं विमान! आर्मचेअर ट्रॅव्हलर म्हणजे खुर्चीतून न उठता प्रवास करणारा. आता पडद्यावर स्लाइड दाखवतील."

दिवे मालवले म्हणून बरे झाले.

प्रोजेक्टर खटखट करीत एकेक बेट दाखवू लागला. बोलणाऱ्या बाईंचे उच्चार चुकत होते. मी एकही सुधारला नाही. मग अमोर्गोस आले, तेही उलटे. पांढरा मठ खाली डोके करून समुद्रात लोंबत होता. सगळे हसले. बाईंनी स्लाइड सरळ केली, पुढची लावली, त्याच्या पुढची लावली. मी मांडीवरच्या पुस्तकातली खूण काढली आणि अंधारातच पान उलटले. शेजारच्या गृहस्थांनी काही न विचारता आपला रुमाल पुढे केला.

चार वाजता मी तिथूनच कुसुमला न्यायला ये म्हणून फोन केला.

"काकू! फ्लाइट कॅन्सल झाली?"

"नाही गं. जाऊन आले."

दाराशी तिची वाट पाहत उभी होते. शेजारी सूचनाफलक होता आणि फलकावर, टाचणीने लावलेले, माझेच पत्रक! 'ट्रॅव्हलर्स'मध्ये लाल, ठसठशीत 'एल'. आणि त्याच्याच डाव्या अंगाला, जिथे पेन्सिल फिरकलीसुद्धा नव्हती, तो अख्खा 'आर्मचेअर'. एक अक्षर दिसले. अर्थ दिसला नाही. हे असते तर काय म्हणाले असते, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

ग्रंथपालबाई माझ्या बॅगेकडे पाहत जवळ आल्या. "गंमत आहे ना? अमेरिकेत एकाच 'एल'ने लिहितात, हे ठाऊक नसलेलं कुणीतरी आहे आपल्या गावात. कोण असेल हो?"

मी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.

"असेल कुणी अर्धवट," मी म्हटले.